सार्वजनिक इमारतींतील डक्ट कूलर : भिंतीतील वाट कशी असावी?

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोर धरणाजवळचे गाव. विदर्भातील इतर गावांप्रमाणेच येथेही मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारचे ऊन जिवावर बेतू शकते. अशा दिवसांत ग्रामपंचायतीचे सभागृह, आरोग्य केंद्र आणि शाळा थंड राखणे ही चैन नसून सार्वजनिक आरोग्याची गरज होय. तथापि, कूलर विकत आणला की काम संपले, ही समजूत बरोबर नाही. भिंतीतील वाट चुकली तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते व वीज, पाणी आणि पैसा ही तिन्ही वाया जातात.

दोन यंत्रे, दोन नियम

वातानुकूलन यंत्र हा एक प्रकारचा उष्णतेचा पंप आहे. तो खोलीतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. म्हणून दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. एकाच नळीतून गरम हवा बाहेर फेकणारे सुवाह्य यंत्र तर खोलीतीलच हवा बाहेर ढकलते आणि तिच्या जागी फटींतून बाहेरची उष्ण हवा आत येते.

कूलरचे तत्त्व वेगळे. ओल्या वाळ्याच्या ताटीतून किंवा जाळीदार गादीतून बाहेरची कोरडी हवा ओढली जाते, पाण्याची वाफ होते आणि त्या क्रियेत हवेतील उष्णता खर्ची पडते. तापमान ४४ अंश व आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या तापमापकाचा पारा सुमारे २३ अंश असतो. हा २१ अंशांचा फरक कूलर साधारणतः तीन-चतुर्थांश भरून काढतो, म्हणजे सुमारे २८ अंशांची हवा मिळते. मात्र ही हवा ओलसर असते. ती सतत बाहेर पडली नाही तर खोली दमट होते व घाम वाळत नाही. म्हणून कूलरच्या खोलीत खिडकी उघडी हवी.

छिद्राचे माप

समजा, सभागृह ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ १०८ घनमीटर झाले. तासात ३० वेळा हवा बदलावयाची तर ३,२४० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ०.९ घनमीटर हवा लागेल. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर धरल्यास ०.१८ चौरस मीटरचे, म्हणजे ४५ × ४० सेंटिमीटरचे तोंड पुरते. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जाण्यासाठी याच्या दुप्पट ते तिप्पट जागा खिडक्यांच्या रूपाने उघडी ठेवावी. आत येणारी व बाहेर जाणारी वाट एकाच भिंतीत असल्यास थंड हवा खोलीत न फिरताच निघून जाते.

छिद्र पाडण्यापूर्वी तुळई, खांब किंवा विजेची तार मध्ये येत नाही, याची अभियंत्याकडून खात्री करून घ्यावी. विटांच्या भिंतीत छिद्रावर लिंटेल अवश्य घालावे. तळास बाहेरच्या बाजूने थोडा उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. कूलर सावलीच्या बाजूस, शक्यतो उत्तरेस, लोखंडी चौकटीवर बसवावा. छज्जावर ठेवू नये, कारण १०० लीटर पाण्याचेच वजन १०० किलो होते. यंत्र आणि डक्ट यांमध्ये कॅनव्हासचा पट्टा जोडल्यास कंपन भिंतीत उतरत नाही. हंगाम संपल्यावर तोंड झडपेने बंद करावे. उंदीर-साप शिरू नयेत म्हणून जाळी लावावी.

पाण्याचा हिशेब

एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. वरील सभागृहात ऐन उन्हात तासाला २० ते २५ लीटर पाणी खर्च होईल. पाच तासांत १०० ते १२५ लीटर. टंचाईच्या गावात हा आकडा ग्रामसभेपुढे ठेवूनच निर्णय व्हावा. पावसाळी हवेत आर्द्रता वाढली की कूलरचा उपयोग घटतो. त्या वेळी पंप बंद ठेवून केवळ पंखा चालवावा.

जिवाची दक्षता

कूलरचा पत्रा, पाणी आणि वीज एकत्र येतात, म्हणून अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसविणे अत्यावश्यक आहे. पाणी भरताना प्लग काढलाच पाहिजे. हे काम मुलांना सांगू नये. डेंग्यूचे डास याच टाकीत अंडी घालतात आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासाव्यात व ती कोरडी करावी. अंडी भिंतीस चिकटून राहत असल्याने नुसते पाणी बदलणे पुरेसे नाही.

याच जिल्ह्यातील सेवाग्रामच्या बापूकुटीकडे पाहिले की मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर उन्हाचा ताप कसा अडवितात, हे कळते. आधी सावली, मग हवेची वाट आणि शेवटी यंत्र, हा क्रम पंचायतींनी अंगीकारल्यास कमी खर्चात अधिक गारवा मिळेल आणि पिण्याच्या पाण्यावरही ताण येणार नाही.