रेणूकडून स्फटिकाकडे : प्रा. सी. एन. आर. राव

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी भारतरत्न सन्मानासाठी दोन नावे जाहीर झाली. त्यांपैकी सचिन तेंडुलकर कोण, हे कोणालाही विचारावे लागले नाही. दुसरे नाव प्रा. चिंतामणी नागेश रामचंद्र राव यांचे होते. ते रसायनशास्त्रज्ञ, एवढे पुष्कळांना ठाऊक होते. पण त्यांचे रसायनशास्त्र परीक्षानळीतल्या द्रावणांचे नव्हे. ते घन पदार्थांचे रसायनशास्त्र आहे. त्याची ओळख करून घ्यायची, तर त्यांच्या अध्यापकीय जीवनाचा मागोवा घेणे हा एक चांगला मार्ग आहे.

आधी मिठाचा एक खडा डोळ्यांसमोर आणा. त्यात ‘मिठाचा रेणू’ शोधू लागलात, तर तो सापडणार नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, आणि ही मांडणी खड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालू राहते. म्हणजे घन पदार्थाच्या बाबतीत ‘कोणते अणू?’ एवढे विचारून भागत नाही. ते कसे रचले आहेत, एखादी जागा रिकामी आहे का, एखाद्या जागी उपरा अणू घुसला आहे का, हेही विचारावे लागते. पदार्थाचे गुणधर्म पुष्कळदा या उत्तरांवर ठरतात.

रावांचा जन्म ३० जून १९३४ रोजी बंगळूरला झाला. म्हैसूर विद्यापीठाची बी. एस्सी. १९५१ साली, बनारसची एम. एस्सी. १९५३ साली आणि अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची डॉक्टरेट १९५८ साली, असा त्यांचा वेगवान प्रवास झाला. डॉक्टरेट मिळाली तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. १९५९ मध्ये ते परत आले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अधिव्याख्याते झाले. तोवर त्यांचा मुख्य विषय रेणूंची रचना आणि वर्णपटशास्त्र हा होता. त्यावर त्यांनी लवकरच पुस्तकेही लिहिली. त्याच विषयात जन्मभर सुखाने राहता आले असते.

पण त्याच सुमारास ते एका साध्या पांढऱ्या भुकटीकडेही पाहत होते. टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगात घालतात, हे तुम्ही वाचले असेल. अनाटेज आणि रुटाइल हे त्याच्या स्फटिकप्रकारांपैकी दोन आहेत. दोन्हींत एका टिटॅनियमला दोन ऑक्सिजन. रासायनिक सूत्र तेच, मांडणी मात्र वेगळी. अनाटेज पुरेसे तापवले की रुटाइल होते, आणि निववल्यावर ते पुन्हा अनाटेज होत नाही. हे रूपांतर किती वेगाने होते आणि थोडीशी अशुद्धी मिसळल्यास त्यावर काय परिणाम होतो, यावर रावांनी १९५९ ते १९६१ या काळात निबंध प्रसिद्ध केले. वरून पाहणाऱ्याला भुकटी आधीही पांढरी आणि नंतरही पांढरीच! आतला बदल क्ष-किरणांनाच कळतो.

१९६३ मध्ये राव कानपूरच्या नव्या आय. आय. टी.त गेले. तिचे पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर. मुंबईच्या आय. आय. टी.च्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. कानपूरला राव तेरा वर्षे राहिले आणि धातूंची ऑक्साइडे हा त्यांचा मुख्य विषय झाला. लँथॅनम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे एक ऑक्साइड घ्या. ते थंड असताना कोबाल्टचे काही इलेक्ट्रॉन जोड्या करून बसलेले असतात. तापमान वाढले की जोड्या सुटू लागतात, आणि पुरेसे तापल्यावर हे ऑक्साइड धातूसारखी वीज वाहू लागते. हा बदल गॅमा किरणांच्या मॉसबाउअर पद्धतीने तपासणारा १९७२ सालचा निबंध प्रा. वि. गो. भिडे आणि राव यांनी सहकाऱ्यांसह लिहिला. हेच भिडे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९७६ मध्ये राव बंगळूरला परतले. विज्ञान संस्थेचे त्या वेळचे संचालक सतीश धवन यांच्या काळात त्यांनी तेथे घनावस्था आणि संरचना रसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा केला. ऑक्साइडांचे काम चालूच राहिले. त्यात लँथॅनम, तांबे व ऑक्सिजन यांचे थराथरांनी बनलेले एक ऑक्साइडही होते. त्यावर राव आणि पी. गांगुली काम करीत होते. त्या वेळी या संयुगाची जगात फारशी चर्चा नव्हती.

ती चर्चा १९८६ मध्ये सुरू झाली. काही पदार्थांचा विद्युतरोध अतिशीत तापमानाला शून्य होतो. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. तोवर २३ केल्व्हिन, म्हणजे उणे २५० अंश सेल्सिअस, ही तिची वरची मर्यादा होती. बेडनोर्झ आणि म्यूलर यांनी नेमक्या त्याच लँथॅनम-तांबे कुळात थोडे बेरियम मिसळून ती ३० केल्व्हिनच्या आसपास नेली. १९८७ च्या आरंभी अमेरिकेत वू, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनमच्या जागी यिट्रियम घातले आणि मर्यादा एकदम ९० केल्व्हिनच्या वर गेली. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो. म्हणजे महागड्या द्रव हेलियमची गरजच संपली! मात्र त्यांचा नमुना शुद्ध नव्हता. त्यात हिरवे आणि काळे असे दोन पदार्थ मिसळलेले होते. यातला अतिसंवाहक कोणता, आणि त्याचे सूत्र काय?

हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञाचा आहे. जगातल्या अनेक प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. बंगळूरच्या गटाने स्वतंत्रपणे उत्तर काढले आणि ते १९८७ मध्येच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अतिसंवाहक तो काळा पदार्थ : यिट्रियम १, बेरियम २, तांबे ३ आणि ऑक्सिजन सुमारे ७. राव त्या वेळी संस्थेचे संचालक होते, कचेरीच्या कामाचा भार डोक्यावर होता. तरीही उत्तर लवकर मिळाले, याचे कारण मला त्या आधीच्या वर्षांत दिसते. ज्या कुळाकडे फारसे कोणी पाहत नव्हते, त्याच्याशी या गटाची जुनी ओळख होती.

हा पदार्थ करण्याची रीत ऐकायला सोपी आहे. यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड खलात घोटायचे, ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायचे, पुन्हा घोटायचे, पुन्हा तापवायचे. (घरी करू नका, बेरियम कार्बोनेट विषारी आहे.) आता वजनांचा हिशेब पाहा. अणुभार यिट्रियम ८८.९, बेरियम १३७.३, तांबे ६३.५, ऑक्सिजन १६, कार्बन १२ धरा. १:२:३ या प्रमाणासाठी ११२.९ ग्रॅम यिट्रियम ऑक्साइड, ३९४.६ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि २३८.५ ग्रॅम कॉपर ऑक्साइड लागेल. एकूण ७४६ ग्रॅम. त्यातून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून गेला की ६५८ ग्रॅम उरतात. पण ऑक्सिजन ७ असलेल्या संयुगाचे वजन ६६६ ग्रॅम यायला हवे. हे ८ ग्रॅम कोठून येणार?

बाहेरच्या ऑक्सिजनमधून. भट्टीतला तापलेला स्फटिक उलट आणखी थोडा ऑक्सिजन सोडून देतो. म्हणून तो ऑक्सिजनच्या प्रवाहात सावकाश निववावा लागतो, म्हणजे रिकाम्या जागा भरून निघतात. घाईने निववला तर जागा रिकाम्याच राहतात आणि अतिसंवाहकता बिघडते.

रावांचे पुढचे काम थोडक्यात सांगतो. १९८९ मध्ये बंगळूरजवळ जक्कूर येथे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९९४ मध्ये ते विज्ञान संस्थेच्या संचालकपदावरून निवृत्त झाले, आणि नंतर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या व ग्राफीन यांवरही त्यांनी काम केले.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. वरचे ६६६ ग्रॅम संयुग पुन्हा तापवले आणि ऑक्सिजन निघून जाऊन वजन ६५० ग्रॅमवर आले. सूत्रातला ऑक्सिजन आता किती उरला? उत्तर काढा, आणि मग हेही लक्षात घ्या, की धातूंचे प्रमाण अजून १:२:३ च असूनही हा नमुना अतिसंवाहक तर नाहीच, तो चक्क विद्युतरोधक आहे.