टाच का दुखते?

आमचा कामठ्याचा परिसर धानाचा. रोवणीच्या दिवसांत बांधीत दिवसभर राबणाऱ्या बाया, गोंदियाच्या राईस मिलमध्ये सिमेंटच्या फरशीवर उभे राहून काम करणारे कामगार आणि फळ्यासमोर तास घेणारे शिक्षक, या साऱ्यांकडून एक तक्रार ऐकू येते: ‘सकाळी पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा टोचतो. थोडे चालले की बरे वाटते.’ मग एक्स-रे निघतो, त्यात टाचेच्या हाडाला काट्यासारखे टोक दिसते आणि ‘हाड वाढले’ असा निकाल लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक शंका यायला हवी. काटा खालून टोचत असेल, तर पावलागणिक दुखणे वाढले पाहिजे. चालल्यावर ते कमी का होते? शिवाय ज्यांची टाच कधीच दुखली नाही, अशा अनेकांच्या एक्स-रेतही असे टोक दिसते. तेव्हा दुखण्याचे मूळ बहुधा दुसरीकडे असले पाहिजे.

पावलाची कैची

कौलारू घराच्या छपराची कैची तुम्ही पाहिली असेल. दोन तिरकी लाकडे वर जोडलेली असतात. छपराच्या भाराने त्यांची खालची टोके फाकू पाहतात; तळाचे आडवे लाकूड त्यांना धरून ठेवते. आपले पाऊलही असेच आहे. टाच व चवडा ही दोन टोके, मधली हाडे ही कमान आणि तळव्यातील मजबूत तंतुमय पट्टा हे आडवे लाकूड. या पट्ट्याला प्लांटर फॅशिया म्हणतात.

यावरील ताण किती? समजा, ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस दोन्ही पायांवर उभा आहे. एका पावलावर ३० किग्रॅ भार, म्हणजे प्रत्येक टोकाला १५ किग्रॅ भार. कमानीची लांबी १६ सेंमी व उंची ४ सेंमी धरू. कमानीच्या शिरोबिंदूभोवती बलाची परिबले घेतली, तर

१५ × ८ = ताण × ४, म्हणून ताण = ३० किग्रॅ भार.

प्रत्यक्षात स्नायू व इतर बंध यातला काही वाटा उचलतात. पण चालताना सारा भार एकाच पावलावर येतो आणि पोटरीचा स्नायू टाच वर खेचतो, तेव्हा ताण आणखी वाढतो.

पावलातला रहाट

करून पाहा: मित्राला अनवाणी उभे करा व त्याच्या पायाचा अंगठा हाताने हळूच वर उचला. पावलाची कमान उंच होते! विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा, तसा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ओढला जातो व टाच चवड्याकडे खेचली जाते. हे तत्त्व जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडले. प्रत्येक पाऊल उचलताना हा रहाट फिरतो.

सकाळीच का दुखते?

पट्टा टाचेच्या हाडाला जेथे जोडलेला असतो, तेथे वारंवार ताण पडून त्याचे तंतू झिजतात. २००३ मध्ये अमेरिकेत हार्वे लेमाँट व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने तपासले. त्यांना दाहाऐवजी तंतूंची झीज आढळली. झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते व पट्टा आखडतो. पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते. थोडे चालल्यावर तो सैल होतो.

उपाय

१. अंथरुणातून उठताना पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी दुखरे पाऊल दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने बोटे नडगीकडे ओढून दहा अंक मोजा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे.

२. भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून मागच्या पायाची पोटरी ताणावी.

३. पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तीन सेकंदांत टाच उचलावी, दोन सेकंद थांबावे, तीन सेकंदांत खाली न्यावी. हे एक दिवसाआड करावे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात तीन महिन्यांनी या व्यायामाचा गुण नुसत्या ताणण्यापेक्षा अधिक दिसला. वर्षाअखेर मात्र दोन्ही गट सारखेच होते.

४. सलग उभे राहणे टाळावे, टाचेला आधार देणारी चप्पल वापरावी, वजन जास्त असल्यास कमी करावे.

बहुतेकांना आराम पडतो, पण त्याला काही महिने लागतात. आठवड्यात गुण नाही म्हणून व्यायाम सोडू नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम बहुधा थोडे आठवडेच टिकतो, आणि क्वचित पट्टा तुटूही शकतो. म्हणून तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

रात्री विश्रांतीतही दुखत असेल, सूज, ताप वा बधिरपणा असेल, मार लागला असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. तुमच्या वयात, साधारण ८ ते १५ वर्षांत, टाच दुखण्याचे कारण वेगळे असू शकते: टाचेच्या हाडाच्या वाढीच्या कूर्चेवर पडणारा ताण. सेव्हर यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. तेथे काही दिवस धावणे व उड्या कमी कराव्या लागतात. हाडाची वाढ पूर्ण झाली की ते दुखणे आपोआप थांबते.

विचार करा

वरील उदाहरणात कमानीची उंची ४ ऐवजी ३ सेंमी धरली, तर पट्ट्यावरील ताण किती येईल? छपराची कैची फार बसकी का करत नाहीत, हेही त्यावरून सांगा.