पर्वती चढून मन हलके, घर झाडून चिडचिड : असे का?

प्रश्न : मी रोज सकाळी पर्वती चढते. निघताना डोक्यात दहा कटकटी असतात. उतरतानाही त्या असतातच, पण टोचत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत मात्र मी याच्या दुप्पट दमते आणि तेव्हा नुसती चिडचिड होते. दमणे तेच, मग फरक कशाचा? दुसरे म्हणजे, माझी धाकटी जाऊ वर्षभर नैराश्यावर गोळ्या घेते आहे. तिलाही सोबत नेऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दमल्यामुळे मन हलके होते, असे बहुतेक जण धरून चालतात. दिवाळीच्या साफसफाईचे उदाहरण देऊन तुम्हीच ते खोडून काढले आहे. तेव्हा दमणे बाजूला ठेवू आणि पायऱ्या चढताना आणखी काय काय होते ते पाहू.

व्यायाम केला की एंडॉर्फिन सुटते आणि आनंद होतो, हे तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरदा वाचले असेल. रक्तातले एंडॉर्फिन वाढते हे खरे, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी बारीक चाळण असते तिच्यातून ते सहजी पार होत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन पाहिले, तरी धावल्यावर त्यांना छान वाटायचे ते वाटलेच. आता संशोधकांचा रोख आहे तो आनंदमाइड या द्रव्यावर. नाव ओळखीचे वाटले ना? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली ते सापडले आणि संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून त्याचे बारसे झाले. ते स्निग्धात विरघळते, त्यामुळे मेंदूत सहज शिरते. मात्र हा आनंद थोड्या वेळाचा.

टिकणारा फायदा वेगळाच आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. साठ-सत्तर झाल्या की छातीत धडधडते, धाप लागते, कानशिलांवरून घाम ओघळतो. रात्री दोन वाजता फोन वाजला तरी शरीराचे नेमके हेच होते. फरक इतकाच की पर्वतीवर धडधडीचे कारण तुम्हाला माहीत असते, आणि वर पोहोचून कठड्यापाशी पाच मिनिटे टेकलात की ती आपोआप शमते. रोज असे झाले की धडधड म्हणजे संकट नव्हे, हे मेंदूच्या अंगवळणी पडते. अचानक घाबरगुंडी उडण्याचा त्रास असलेल्यांना उपचारात मुद्दाम जागच्या जागी धावायला किंवा जिने चढायला लावतात, ते याचसाठी.

शिवाय रात्रीची झोप सुधारते, आणि झोप नीट झाली की निम्म्या कटकटी सकाळी लहान दिसतात.

आता साफसफाई. मोकळ्या वेळात केलेला व्यायाम आणि घरची किंवा नोकरीतली अंगमेहनत यांचा वेगवेगळा विचार करणाऱ्या अभ्यासांत मनाचा फायदा मुख्यतः पहिल्यात दिसतो. कारण शोधायला लांब जायला नको. पर्वतीवर तुम्ही आपल्या मर्जीने जाता, तिथे कोणी हाक मारत नाही आणि लक्ष पुढच्या पायरीवर असते, त्यामुळे विचारांचे रवंथ थांबते. माळ्यावरचे डबे पुसताना हात चालतात आणि डोक्यात फराळाची यादी, पाहुणे आणि कोणाचे तरी बोलणे चालूच राहते. घरकामाने शरीराला व्यायाम घडतो, यात शंका नाही. पण ‘घरात एवढे काम असताना हिला वेगळे फिरायला कशाला हवे’ असे जे म्हणतात, ते साफ चुकतात. तो पाऊण तास तुमचा आहे, तो सोडू नका.

जाऊबाईंविषयी जरा सविस्तर लिहितो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या, पन्नाशी आणि त्यापुढच्या १५६ जणांचे तीन गट केले. एकाला गोळ्या, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली. यावरून गोळ्या नकोतच, असा अर्थ काही जण काढतात. तो धोक्याचा आहे. ती माणसे व्यायामाला तयार होऊन आली होती आणि त्यांच्यावर देखरेख होती. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊबाईंची एकही गोळी बंद होता कामा नये.

जरूर न्या त्यांना. पण एक लक्षात असू द्या. नैराश्यात अंथरुणातून उठण्याचे बळच आधी जाते. अशा माणसाला ‘जरा बाहेर पड, बरे वाटेल’ म्हटले की त्यात दोषारोप ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, तो आकडा सध्या त्यांच्या कानावरही घालू नका. जगणे नकोसे झाल्याचे त्या कधी बोलल्या, तर लगेच त्यांच्या डॉक्टरांना कळवा. सरकारची टेलिमानस सेवाही १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे.

पहिले आठ दिवस पायथ्यापर्यंतच जा, चहा घ्या आणि परत या. पायऱ्यांचा विषय त्यांनी काढेपर्यंत काढू नका. एखाद्या सकाळी त्या नको म्हणाल्या तर एकट्या जाऊन या, आणि दुसऱ्या दिवशी निघताना पुन्हा विचारा.