कथेतला डॉक्टर आणि सुईपुढचा माणूस

शंका : मी विज्ञानकथा लिहितो. माझ्या कथेतला डॉक्टर कैद्यांना न सांगता रोगाचे जंतू टोचतो. काही कैदी मरतात, पण त्यातून लाखोंचे प्राण वाचवणारी लस सापडते. मित्र म्हणतो, असं लिहिणं म्हणजे त्या डॉक्टरची बाजू घेणं. खरंच का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

समाधान : क्रौर्य रंगवलं म्हणून लेखक क्रूर ठरत नाही. एच. जी. वेल्स यांच्या १८९६ च्या कादंबरीतला डॉक्टर मोरो प्राण्यांची चिरफाड करून त्यांना माणसाचं रूप देऊ पाहतो. वाचताना आपण उभे राहतो ते त्या प्राण्यांच्या बाजूने.

तुमच्या कथेतली अडचण वेगळी आहे. लस सापडणार हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. डॉक्टर सुई हातात घेतो तेव्हा ते त्याला ठाऊक नसतं, कुणालाच नसतं. पण शेवटी यश मिळालं की वाचक मेलेल्या कैद्यांचा विषय सहज मिटवून टाकतो.

प्रत्यक्षात काय घडलं ते पाहा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते जखमींवर शस्त्रक्रिया करत होते त्याच काळात, त्याच देशात, हार्बिनजवळ जपानी सैन्याचं ७३१ क्रमांकाचं पथक पकडून आणलेल्या माणसांना प्लेगचे जंतू टोचत होतं, जिवंतपणी त्यांची चिरफाड करत होतं. हजारो माणसं मारली गेली. लाखोंना वाचवणारी लस काही त्यातून निघाली नाही. उलट दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या नोंदींच्या मोबदल्यात अमेरिकेने पथकाचा प्रमुख शिरो इशी याला खटल्यातून मोकळं सोडलं. माझी विनंती आहे, एका मसुद्यात तुमची लस फसू द्या आणि मग त्या डॉक्टरबद्दल मित्राला काय वाटतं ते विचारा.

आणखी एक. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा प्लेगची लस तयार करणारे जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना ती दिली. त्यांना विचारलं, हा फार मोठा फरक आहे. तरी आसपास माणसं मरताना पाहणाऱ्या कैद्याचा होकार कितपत मोकळा? या प्रश्नावर उभी राहिलेली कथा मला तुमच्या आताच्या कथेपेक्षा जास्त वाचावीशी वाटेल.

शंका : हे सगळं जुनं झालं. आता असले प्रयोग कथा-सिनेमातच उरलेत ना? (एक शिक्षिका, बार्शी)

समाधान : तसा राक्षसी डॉक्टर आता विरळाच, पण प्रश्न संपलेला नाही. तुमच्याच भागातलं उदाहरण देतो. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा स्मारक केंद्र यांच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांची चार गटांत विभागणी झाली. तीन गटांना वेगवेगळी तपासणी मिळाली. चौथ्या गटातल्या ३१,४८८ जणींना तपासणी नव्हती, ती कुठे करून घेता येईल याची माहिती होती. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीच्या गटातल्या ३४,१२६ जणींपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या, चौथ्या गटात ६४.

इथे कुणी खलनायक नव्हता, कुणाला काही टोचलं नव्हतं, संमतीही घेतलेली होती. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात, हे जगाला या बायकांमुळे कळलं. संशोधकांची बाजू अशी की त्या खेड्यांत मुळात तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाचं काही हिरावून घेतलं नाही. टीकाकार म्हणाले, तपासणीने जीव वाचतात हे अन्य देशांच्या अनुभवातून आधीच माहीत होतं, मग एका गटाला तिच्याविना ठेवायचं कशाला?

मला टीकाकारांचं पटतं. जिथे सोय नाही तिथल्या बाईला ‘दवाखान्यात जाऊन तपासून घ्या’ म्हणणं म्हणजे मजुरी बुडवून, एसटीचं भाडं मोजून जा म्हणणं. आकड्यांची गरज संशोधकांना होती आणि त्या गरजेचा भार तिच्यावर पडला. कथालेखकांनी अशा चौथ्या गटातल्या बाईवर लिहावं, असं मला फार वाटतं.

शंका : कथेत संमतीपत्राचा प्रसंग लिहायचा आहे. तो खरा कसा वाटेल? (एक परिचारिका, सोलापूर)

समाधान : सही कुणी, कुठल्या भाषेतल्या कागदावर केली, तिथून सुरुवात करा. विडी वळणारी एखादी पद्मशाली बाई घरात तेलुगू बोलते आणि तिच्यापुढे कागद येतो मराठी किंवा इंग्रजी. तिला वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, असा नियम आहे. कागदाची प्रत तिला द्यायची असते. मधूनच बाहेर पडण्याचा हक्क तिला असतो, आणि बाहेर पडल्याने तिचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

हे शेवटचं तिला कुणी सांगतंच असं नाही. म्हणून तुमच्या कथेत तिला विचारू द्या : “नाही म्हटलं तर माझ्या गोळ्या बंद होतील का?” उत्तर देणारा तिच्याकडे बघून बोलतो की कागदाकडे, हे तुम्ही वॉर्डात रोज पाहता. तेच लिहा.