नवी आवृत्ती काढलीत, पण जुन्या ग्राहकाच्या फाईलचं काय?

छोटं बिलिंग सॉफ्टवेअर बनवून विकायचा विचार आहे? मग हा प्रश्न आजच डोक्यात ठेवा. उद्या तुम्ही नवी आवृत्ती काढाल, पण ग्राहकाकडची सेटिंगची फाईल जुन्या पद्धतीचीच असेल. ती चालली नाही तर फोन तुम्हालाच येणार.

लॉगफोरजेचं उदाहरण बघा. जावा प्रोग्राम काय करतोय, कुठे अडला, याच्या नोंदी ठेवणारी ही अपाचेची मोफत लायब्ररी. काय नोंदवायचं आणि कुठे, हे ती सेटिंगच्या फाईलमधून वाचते. २०१४ मध्ये तिची दुसरी पिढी आली आणि या फाईलची मांडणीच बदलली, नावसुद्धा. जुनी फाईल नवीला कळेना. ५ ऑगस्ट २०१५ ला पहिल्या पिढीची देखभाल संपल्याचं जाहीर झालं, म्हणजे त्यातली भोकं यापुढे कोणी बुजवणार नाही. तरीही भरपूर लोक तिथेच राहिले. चालत्या गाडीचं इंजिन कोण उघडतं हो?

शेवटी २०१९ च्या अखेरीस २.१३ आवृत्तीत जुनी फाईल वाचायची सोय आली, तीही प्रायोगिक म्हणून. २०२२ मधल्या २.१७.२ मध्ये ती बरीच सुधारली.

आता यातली खरी गंमत. ही सोय त्यांनी मुख्य लायब्ररीत कोंबली नाही. वेगळा पूल दिला: तो जुनी फाईल वाचतो आणि आतली जुळणी मात्र नव्या पद्धतीने करतो. शिवाय ती आपोआप चालू होत नाही, एक सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. त्यामुळे नव्या ग्राहकावर जुन्याचं ओझं नाही. ज्यांनी लायब्ररीच्या पोटात हात घालून स्वतःचे भाग जोडले होते, त्यांचं सगळं जसंच्या तसं चालेल अशी हमीही नाही. मला हे योग्य वाटतं. सगळ्यांचं सगळं सांभाळायला गेलात तर नवीन काम कधी करणार?

आणि फुकट काहीच नसतं. दोन पद्धती वाचायच्या म्हणजे प्रत्येक बदल दोनदा तपासायचा. तो वेळ वार्षिक देखभालीच्या दरात आधीच धरा.

आजचा गृहपाठ: तुमच्या फाईलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक लिहायला लागा. समोरची फाईल जुनी की नवी, हे तुमच्या प्रोग्रामला त्यावरूनच कळेल. दहा ग्राहक असताना हे पाच मिनिटांचं काम आहे.