दुकान पंधरा दिवस दुसऱ्याच्या हाती देताना

धंदा इंदूर, सुरत किंवा बंगळुरूला आणि घर सांगलीकडे असले, की गावच्या जत्रेसाठी किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस दुकान सोडावे लागतेच. अशा वेळी कित्येक दुकानदार कोऱ्या चेकवर सह्या करून पोराकडे ठेवतात. तसे मुळीच करू नका.

खात्यात पैसे भरायला तुमची सही लागत नाही. रोजचा गल्ला नोकरसुद्धा स्लिप लिहून भरू शकतो. रोख मोठी असेल, तर स्लिपवर पॅन लिहावा लागू शकतो. पैसे काढण्याचा अधिकार मात्र घरातल्या एकालाच द्या, तोही शाखेत येऊन लेखी. यूपीआय पिन कुणालाच नको. क्यूआर आणि साउंडबॉक्स पिनशिवाय चालतात.

कर्जाच्या हप्त्याची तारीख पाहा. रविवारी हप्ता कापला जात नाही, हा समज आता सोडा. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच व्यवस्था सुट्टीच्या दिवशीही चालते. शिल्लक आदल्या दिवशीच हवी. जीएसटी दरमहा भरत असाल, तर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकवता येत नाही. त्याचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो, म्हणून फोन चालू ठेवा. बँकेचा ओटीपी मात्र हिशेबनिसालाही सांगू नका.

निघण्याच्या आठवडाभर आधी एक दिवस घरीच थांबा. दुकानातून फोन कशाकशासाठी येतो, ते वहीत लिहा. ती वही गल्ल्याजवळ ठेवून जा.