सही करण्याआधी जरा बस

बयो, बारावी संपायच्या आतच डॉक्टरकीची जागा हातात आली, याचा आनंद आधी मनसोक्त करून घे. न्यूयॉर्क टेकचा सात वर्षांचा बी.एस.-डी.ओ. असो की एलईकॉमची तीन अधिक चार वर्षांची वाट असो, तिथवर पोचायला शाळेत जीव ओतावा लागतो. ते तू केलंस. आता प्रवेशाच्या पत्रावर सही करण्याआधी जरा बस माझ्याजवळ. मी स्वतः डी.ओ. आहे, म्हणून घरात कुणी काढणार नाही ते विषय मीच काढते.

आधी नातेवाइकांचं. मंडळाच्या गणपतीत, पुण्याच्या फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न येणार: "डी.ओ. म्हणजे काय गं? हाडं बसवणारे का?" चिडू नकोस. डी.ओ. ही ऑस्टिओपॅथीची पदवी, आणि इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ डॉक्टर नसतो, त्यामुळे त्यांचा गोंधळ होणं स्वाभाविक आहे. अमेरिकेतला डी.ओ. मात्र पूर्ण डॉक्टर असतो. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, पन्नासही राज्यांत. इथली एम.डी. म्हणजे भारतातल्या एम.बी.बी.एस.सारखी पहिली पदवी, आणि डी.ओ. तिच्या बरोबरीची, हे मामीला एकदा नीट समजावून सांग.

या पदवीमागे एका बापाचं दुःख आहे. अँड्र्यू टेलर स्टिल हा सीमेवरच्या वस्त्यांमधला डॉक्टर. 1864 साली त्याची तीन मुलं मेनिंजायटिसने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वासच उडाला. 1892 मध्ये त्याने मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावात ऑस्टिओपॅथीचं कॉलेज काढलं. पहिल्याच तुकडीत त्याने मुलींनाही घेतलं होतं. पुढे या डॉक्टरांनी फार अवहेलना सोसली. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दोन हजार डी.ओ.ना 65 डॉलर घेऊन एम.डी. पदवी देण्यात आली. माणसं तीच, हात तेच, शिक्षण तेच, पाटीवरची अक्षरं तेवढी बदलली. 2020 पासून तर दोन्ही पदव्यांसाठी रेसिडेन्सीची व्यवस्थाही एकच झाली आहे. तेव्हा कमीपणा मुळीच वाटून घेऊ नकोस.

पण खरं ते खरं. त्वचारोग, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी अशा चढाओढीच्या शाखांत डी.ओ.ला वाट अजून अरुंद आहे. निम्म्याहून जास्त डी.ओ. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग अशा पायाभूत शाखांत काम करतात. मला ते काम अतिशय आवडतं, पण तुला आवडेल की नाही ते तू ठरव. शिवाय कॉमलेक्स ही डी.ओ.ची परवाना परीक्षा आपल्याला सक्तीची असते, आणि अवघड शाखा हवी असेल तर वरून एम.डी.वाल्यांची यूएसएमएलईही द्यावी लागते. म्हणजे त्याच महिन्यांत दोन परीक्षांचा अभ्यास, दोन्हींची फी. कॉलेज पाहायला जाशील तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून विचार, हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची रोटेशन कुठे करावी लागतात. पुष्कळ डी.ओ. कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या वर्षी मुलांना दूरदूरच्या गावांत पाठवतात आणि राहायची सोय ज्याची त्याने करायची असते.

आता जे आई सांगणार नाही ते. आपल्याला हाताने तपासण्याचं आणि उपचार करण्याचं जादा शिक्षण असतं, सुमारे 200 तासांचं. ते शिकतात एकमेकांवर. लॅबमध्ये टेबलावर कधी तू झोपतेस, कधी वर्गातला मुलगा. पाठ, बरगड्या, कंबर नीट दिसावी लागते, म्हणून शॉर्ट्स आणि स्पोर्ट्स ब्रा घालून जावं लागतं. आपल्या घरांत वाढलेल्या मुलीला पहिले काही आठवडे याचा फार संकोच वाटतो, आणि तो बोलायलाही लाज वाटते. म्हणून आत्ताच सांगते: वरून सैल टीशर्ट घालून जा, गरजेपुरता काढ. जोडीदार म्हणून मैत्रीण मागून घे. एखादा स्पर्श नको वाटला तर तिथल्या तिथे शिक्षकांना सांग. तो तुझा हक्क आहे, त्यात वावगं काही नाही. संकोच सरला की हाताला जे कळायला लागतं ते विलक्षण असतं. कंबर धरलेली बाई टेबलावर झोपली की कुठला स्नायू ताठ झालाय ते बोटं सांगतात. मात्र तिथे शिकवलेलं सगळंच सारख्या वजनाचं नाही. कंबरदुखीवरच्या हस्तोपचारांना बरा आधार आहे, कवटीच्या हाडांवरच्या उपचारांना पुरावा फार तोकडा. परीक्षेसाठी ते शीक, पण रोग्याला काही सांगताना पुरावा पाहूनच सांग.

आणि ते प्रवेशाचं पत्र. त्यावर "अभिनंदन" मोठ्या अक्षरांत असतं, अटी बारीक अक्षरांत. जागा राखून ठेवलेली असते, दिलेली नसते. जीपीए ठरलेल्या आकड्याखाली गेला की ती जाते. मेडिकल प्रवेशाची परीक्षा एमकॅट द्यायची की नाही, किमान किती गुण हवेत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. एलईकॉममध्ये अटी पाळल्या तर एमकॅटशिवाय जाता येतं. बऱ्याच कॉलेजांत तू मधेच दुसरीकडे अर्ज केलास की राखीव जागा सुटते. तीन वर्षांच्या वाटेत मेडिकलचं पहिलं वर्ष हेच पदवीचं चौथं वर्ष धरतात, म्हणून मधे सोडलंस तर बॅचलरची पदवी हातात असेल का, हे विचारूनच घे. विसाव्या वर्षी आपल्याला दुसरंच काहीतरी हवं आहे असं कळणं हा गुन्हा नाही.

तू बाबांच्या व्हिसामागून मिळालेल्या एच-फोरवर आहेस ना? मग यापुढचं बाबांना शेजारी बसवून वाच. बाबांच्या ग्रीनकार्डाची रांग हलली नाही तर एकविसाव्या वर्षी तुझा एच-फोर संपतो. मग तुला एफ-वनवर जावं लागतं, म्हणजे कागदोपत्री परदेशी विद्यार्थिनी. सात वर्षांच्या अभ्यासक्रमात हा वाढदिवस अगदी मधोमध येतो. कित्येक डी.ओ. कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच घेतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज तर एच-फोरलाही नाही, एफ-वनलाही नाही. मग राहतं खासगी कर्ज, तेही बहुधा नागरिक जामीनदार लावून. पुढे रेसिडेन्सीला पुन्हा व्हिसाचा प्रश्न आहेच. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा भेटा. ती फी वाया जाणार नाही.

ग्रीनकार्ड वेळेत आलं तरी पैशाचं गणित आता बदललंय. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळणार नाही. मेडिकलसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला 50 हजार आणि एकूण 2 लाख डॉलर. खासगी डी.ओ. कॉलेजचा वर्षाचा खर्च, राहणंखाणं धरून, बहुतेक ठिकाणी त्यापलीकडे जातो. बाबांना निवृत्तीच्या पैशाला हात लावावा लागणार आहे का, हे तू स्वतः विचार. ते आपणहून सांगणार नाहीत.

एमकॅटच्या भीतीने ही जागा घेऊ नकोस, आणि मामीच्या शेऱ्यापायी सोडूही नकोस. आज रात्रीच कॉलेजला ईमेल लिही: "माझा व्हिसा एफ-वन झाला तर माझी जागा कायम राहील का?" उत्तर लेखी माग. ते येईपर्यंत डिपॉझिट भरू नकोस, आणि आलं की मला पाठव.